दोघांपुरती गादी

४ नोव्हेंबर
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क हसत घरी आले. आमचे हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

गाडीत मुक्काम करत हिंडणाऱ्या हौशी लोकांसाठी इथे गाड्यांमध्ये बिछाने बसवतात. मागच्या सीट काढायच्या, फळ्यांचा पलंग ठोकायचा, खाली सामानाचे खण, वर फोमची गादी. मी खोळी आणि पडदे शिवायचे, शिवाय कोणाला काय सोसेल ते सांगायचं. शिलाईत माझा जन्म गेला, आणि सल्ले द्यायला तर मला निमित्तच लागतं. मालक म्हणाले, गिऱ्हाईक आधी आडवं करा, मग माप घ्या. उभा माणूस आपल्या झोपेबद्दल थापा मारतो. आज एक जाडजूड गृहस्थ चिंचोळी स्लीपिंग बॅग घ्यायला आले होते. मी अगदी सरळ झोपतो म्हणे. गादीवर टेकले आणि थोड्या वेळात पाय पोटाशी घेऊन घोरायला लागले. त्यांना रुंद गादी आणि सैल रजई विकली.

७ नोव्हेंबर
इथे एक रिवाज आहे. बिछाना तयार झाला की करणाऱ्याने त्यावर एक रात्र निजून बघायचं. सकाळी काचांना आतून धरलेलं पाणी फडक्याने टिपायचं आणि त्यावरून छताची झडप किती उघडी ठेवायची ते ठरवायचं. सुतारकाका इथले सगळ्यात जुने. ते सांगतात, एकटा माणूस निजला तर त्याच्या उशाची काच भिजते, दोघं निजली तर दोन्हीकडच्या.

मला नव्या खोळी शिवायला एक जुनी राखाडी गाडी मिळाली. दोघांची गादी आहे, पण घेणारा प्रत्येक जण गाडी परत करतो. शेवटचा तर एकटाच हिंडणारा, आणि तक्रार काय, तर जागा पुरत नाही! मी पोट धरून हसले. काका नाही हसले.

९ नोव्हेंबर
रात्री गाडीत निजले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. सकाळी पाहते तर दोन्ही काचा ओल्या. काकांनी विचारलं, सोबत कोण होतं? म्हटलं, या वयात मला कोण मिळणार!

मग कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन रडले. हे नेहमी माझ्या डाव्या हाताला निजायचे. असंच गाडी घेऊन हिंडायचं आमचं ठरलं होतं. रिटायर झाल्यावर, रिटायर झाल्यावर करत राहिलो, आणि मध्येच दुखणं आलं.

१२ नोव्हेंबर
मालकांना सांगितलं, गादी एका अंगाने टोचते, अजून निजून बघायला हवं. साफ खोटं. आता रोज तिथेच निजते. डाव्या बाजूला संथ श्वास ऐकू येतो. मी सगळं सांगत बसते. लेकीला नवं घर मिळालं, तुमचा चष्मा अजून टेबलावरच आहे, शेजारीण तुमची आठवण काढते. तिकडून उत्तर येत नाही. पूर्वी तरी कुठे येत होतं?

१५ नोव्हेंबर
काकांनी आज काचा दाखवल्या. डावीकडे पाणी ओघळतंय. माझ्याकडची जेमतेम दमट.

मग हळूच म्हणाले, त्यांनी ही गाडी केली तेव्हा तेही निजले होते. त्यांना वाटलं, शेजारी त्यांची वारलेली आई आहे. त्यांचीही काच रोज कोरडी पडत गेली. शेवटी दम लागायला लागला तसे उठून आले, ते पुन्हा आत गेले नाहीत. म्हणाले, ताई, ते तुमचे नाहीत. तुमचा श्वास तिकडे जातोय.

मी तडकले. माझा नवरा मला ओळखता येत नाही होय?

१७ नोव्हेंबर
लेकीचा फोन. आई, तुला धाप का लागलीय? म्हटलं, फोमची धूळ. तिचा विश्वास बसला नाही. रविवारी न्यायला येते म्हणाली, कायमची.

जायला हवं. पण मग ह्यांना इथे एकटं—

१९ नोव्हेंबर
पहाटे गारठले होते. कोणीतरी पांघरूण घातलं. आधी पायांवर, मग कमरेपर्यंत, नीट, कडा खोचत.

ह्यांनी जन्मात कधी मला पांघरूण घातलं नाही. झोपेत माझ्या अंगावरचं ओढून न्यायचे. रोज भांडायचो त्यावरून.

म्हणजे गाडीत शेजारी असतं ते हे नव्हेत.

हे कुठेच नाहीत. दुसऱ्यांदा गेले.

२१ नोव्हेंबर
काकांना सांगितलं, गादी काढा, फाडून टाका. ते म्हणाले, उद्या संध्याकाळी काढतो. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी आले. पलंगाची डावी बाजू सपाट. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. नाही सहन होत—

२२, रविवार, दुपार
आलेच परत गाडीत. काका जेवायला गेलेत. शेवटचं एकदा. ते नाहीत, माहीत आहे. नसू देत. कोणीतरी शेजारी—

काचेवर तोंडाने वाफ सोडून बघितली. काहीच उमटत नाही. पुन्हा. नाही. डावीकडची काच गळतेय.

बाहेर गाडी थांबली. लेक आली. आई, आई म्हणून शोधतेय. अगदी ह्यांच्यासारखी हाक मारते, शेवटी सूर चढवून. आजवर कसं लक्षात आलं नाही? हे तिच्यात आहेत. इथे नाहीत. उठायला हवं. बाळा, मी इथे— आवाज फुटत नाही

पांघरूण. पायांवर. कमरेवर. किती मायेने खोचतंय

दार उघडतेय ती, पण दुसऱ्याच गाडीचं

हनुवटीपर्यंत आलं. पुरे, म्हटलं. पुरे. तरी अजून वर ओढतंय, तोंडाव—