तान्ह्या पोळ्यातला बहिष्कार

१० ऑगस्ट
होळीपासून एक ओळ लिहिली नाही. माझी मीच माफी मागतो, आणि मीच मंजूर करतो. आज कारण मिळालं. अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के टॅरिफ जाहीर केलाय. उमरखेडच्या माणसानं यावर काय करावं? पण गप्प बसणं पटत नाही. यंदा कॉलनीच्या तान्ह्या पोळ्याचा अध्यक्ष मीच. मुलांच्या लाकडी बैलांच्या स्पर्धेत विदेशी सजावट बाद, असा नियम केला.

१२ ऑगस्ट
बोर्ड लावला. समोरचे बाबाराव वाचून म्हणाले, टॅरिफ लावला अमेरिकेनं, लायटिंग येते चीनची, चीननं तुमचं काय बिघडवलं? मुद्दा बरोबर आहे. दिवसभर ऑफिसात तोच विचार. शेवटी ठरवलं, विदेशी म्हणजे विदेशी. तत्त्वात देश मोजू नयेत.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर भाषण केलं. टाळ्या पडल्या. आमच्या स्पृहानं वाजवल्या नाहीत. तिनं महिनाभर खपून बैलाच्या शिंगांत लायटिंग बसवलीय, बटण शेपटीखाली. पुढच्या वर्षी ती आठवीत. एवढ्या मोठ्या मुली बैल नेत नाहीत, म्हणजे हा शेवटचा. तिची आई शुभदा म्हणाली, पोरीच्या बैलाचे लाइट काढले तं अमेरिका टॅरिफ वापस घेईन काय? पण अध्यक्षाच्याच मुलीला सूट दिली तर नियम कशाला?

१९ ऑगस्ट
कटलरीवाल्या बेबीताईंनी रस्त्यात अडवलं. म्हणाल्या, भाऊ, माह्या दुकानातली सजावट पडून राह्यली, मले फरक पडला, अमेरिकेले पडला काय? माहिती घेऊन सांगतो म्हणालो.

२२ ऑगस्ट, पोळा
निम्म्या मुलांनी नावं मागे घेतली. पलीकडच्या कॉलनीत नियम नाही म्हणे. हरकत नाही. दर्जा वाढेल.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा, संध्याकाळ
उरलेली निम्मी मुलंही पलीकडे. बाबारावही नातीला घेऊन तिकडेच. मांडवात एकच बैल आला, स्पृहाचा. लायटिंग तिनं स्वतःच उपटली होती. शिंगांना भोकं तेवढी राहिली. मी माइकवर तिला पहिलं बक्षीस जाहीर केलं. ती जागची हलली नाही. बैल तिथेच सोडून घरी गेली.
शुभदा खुर्च्या उचलत म्हणाली, मी तिले तिकडंच नेत होती. लाइट लावूनच. तीच म्हणे, बाबांकडे एक तरी बैल पाहिजे ना.
बैल मीच ओढत आणला. तिची खोली बंद आहे.

उद्या : स्पृहाशी काय बोलायचं ते ठरवणे.