शेवंतीच्या जेवणाची खरी हकीकत

डोंगरकडा,
अक्षय तृतीयेनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप द्वारकाअक्का हिच्या चरणी धाकटा भाऊ विश्वंभर याचा साष्टांग दंडवत. (कंबर धरली आहे, म्हणून दंडवत फक्त कागदावर. आठ अंगांपैकी सध्या पाचच वाकतात.) तुझा गुडघा कसा आहे? नांदेडच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ही चांगली सोय झाली, पण लिफ्टमध्ये तू डोळे मिटून देवाचा धावा करतेस असं तुझी सून सांगत होती. सवय होईल. इकडं सर्व कुशल. तुझी भावजय केशरबाई बरी आहे, गिरणी बरी चालू आहे, आणि यंदा मिरचीचं दळण इतकं आलं की गल्लीतून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढं जात नाही.

फोन असताना पत्र काहून लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. दुसरं म्हणजे, जे सांगायचं आहे ते ऐकून तू ओरडशील. पत्रावर ओरडायला हरकत नाही, ते मला ऐकू येत नाही.

तर ऐक. शिरड शहापूरचं घर बंद करून तू लेकाकडं गेलीस आणि शेवंतीला माझ्या ओटीत घातलंस, त्यानंतरच्या तीन दिवसांत तुझे चार फोन आले. चारही वेळा तू विचारलंस, जेवती का? चारही वेळा मी म्हणालो, अगं भाकरी फस्त करती. अक्का, ते साफ खोटं होतं. त्या तीन दिवसांत तुझ्या मांजरीनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. (आता ती ठणठणीत आहे. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर तू पत्र अर्ध्यात टाकून एसटी धरशील.)

केळीच्या कॅरेटवर पोतं बांधून मी तिला आणलं, तेव्हा केशरबाई दारातच उभी होती. तिनं आधी कॅरेटकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "मांजर तुमचं, तुमच्या बहिणीचं. मी हात लावणार न्हाई." तुला ठाऊकच आहे, तिच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा एकादशी बघून येतो, आणि मांजर म्हणजे दुधावरची साय चोरणारी जात असं तिचं लहानपणापासूनचं मत. मी म्हणालो, तू काळजी करू नको, मी समर्थ आहे. मी शेवंतीला गिरणीत नेलं, ज्वारीच्या पोत्यामागं जागा करून दिली आणि पितळी वाटीत दूध ठेवलं. शेवंती पोत्यांच्या फटीत गेली आणि तिथून दोन डोळे तेवढे दाखवत बसली.

पहिल्या दिवशी दूध. दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी, वरून तूप. मग वरणभात. मग बिस्कीट. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी इलाज विचारला, आणि गावात एकही माणूस असा निघाला नाही की ज्याला इलाज ठाऊक नाही. शेजारचा ग्यानबा म्हणाला, "दादा, माझी म्हैस बी नवी आली तवा खात नव्हती. मी तिच्यासमोर बसून पेंड चावली, तवा तिला पटलं." (ग्यानबानं खरोखर पेंड खाल्ली असेल असं मला वाटतं. त्याचं पोट बारा महिने तक्रार करतं त्याचं कारण हेच असावं.) म्हणून मी पोत्यांसमोर मांडी घालून, वाटीत बोटं बुडवून, मिटक्या मारत तिच्यासमोर भाकरी खाल्ली. शेवंती बघत राहिली. दळणाला आलेल्या सात बायका बघत राहिल्या. एकीनं नंतर केशरबाईला जाऊन विचारलं, दादाला घरात जेवायला मिळत न्हाई का?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाटी सरकवायला गेलो, तर शेवंतीनं मान उचलली नाही. एरवी मला बघून निदान फिस्कारायची, तेही केलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी तिथंच बसलो, अक्का. तू निघताना तिचं डोकं कुरवाळून मला म्हणाली होतीस, एवढा एक जीव सांभाळ. दुसरं काहीच तू मागितलं नव्हतं. तेवढ्यात तुझा चौथा फोन आला आणि मी परत 'फस्त करती' म्हणालो. फोन ठेवून वळलो, तर मागं केशरबाई उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. हात लावणार नाही म्हणालेली ती बाई वाकली, शेवंतीला दोन्ही हातांनी उचललं, स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "ग्यानबाच्या पोराला गाडी काढायला सांगा. खोटं बोलून मांजर जगत न्हाई."

कळमनुरीला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर पुनम राठोड म्हणून बाई आहेत. वय असेल तिशीचं. दवाखाना बंद करायची वेळ झाली होती, हात कोपरापर्यंत धुऊन त्या निघतच होत्या. लुगड्यातलं गाठोडं पाहिलं आणि परत आत वळल्या. अशी तपासणी मी माझ्या स्वतःच्या आजारपणातही पाहिली नाही. नाक पाहिलं, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, आणि तेवढा वेळ शेवंतीशी बंजारा तांड्यावरच्या त्यांच्या बोलीत हळूहळू काहीतरी बोलत होत्या. शेवंतीनं एकदाही नख काढलं नाही. मग मला विचारलं, "काका, जेवायला कुठं देता?"

"गिरणीत."

"गिरणी चालू असताना?"

"व्हय. दिवसभर चालूच असते."

"काय दळून राहिले सध्या?"

मी म्हणालो, मिरची. म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं. डॉक्टरीण बाई माझ्याकडं बघत राहिल्या. केशरबाई माझ्याकडं बघत राहिली. शेवंती शिंकली.

"मांजर जिभेनं न्हाई, नाकानं जेवतं," बाई म्हणाल्या. "वास आला न्हाई तर समोरचं अन्न तिला अन्न वाटतच न्हाई. तिचं नाक तुमी मिरचीनं भरून टाकलं, कानात पट्ट्याचा खडखडाट, वरून दळणाला आलेल्या माणसांची गर्दी. तुमी तरी जेवला असता का?" पुढं त्यांनी आणखी एक सांगितलं. म्हशीनं दोन दिवस वैरण सोडली तर निभतं, पण मांजर उपाशी राहिलं की त्याचं लिव्हर खराब होतं. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. त्यांनी सुई दिली, कातडीखाली सलाईनचं पाणी भरलं, नाक कोमट पाण्यानं पुसून दाखवलं. दूध बंद करायला सांगितलं. (मांजराला दूध बाधतं, अक्का! आपण लहानपणापासून काय ऐकत आलो!) शांत खोली, पसरट ताटली, थोडं थोडं कोमट अन्न, आणि देऊन बाजूला व्हायचं. शेवटी म्हणाल्या, आधीच्या घरी जे खात होती तेच द्या.

तुला फोन करायची माझी हिंमत नव्हती. म्हणून तुझा शेजारी धम्मानंद, त्याला केला. तो आधी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिला. मग म्हणाला, "दादा, अक्काला सांगू नका, पण ती आमच्याकडंच जेवायची." अक्का, तू अभिमानानं सांगायचीस की माझी शेवंती शुद्ध शाकाहारी, दूधभाकरीवर गुटगुटीत झाली. तुझी शुद्ध शाकाहारी शेवंती रोज दुपारी भिंतीवरून उडी मारून धम्मानंदच्या चुलीपाशी जाऊन बसायची आणि धरणातली मासोळी खायची. तुझी भाकरी ती तुला वाईट वाटू नये म्हणून चघळत असावी. (सांगू नका म्हणाला होता, म्हणून मी सांगितलेलं नाही, लिहिलेलं आहे. त्याच्यावर रागावू नकोस, चांगला माणूस आहे.)

आता मासोळी म्हणजे मोठाच पेच. एकतीस वर्षांच्या संसारात आमच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा आलेलं नाही. मी म्हणालो, ग्यानबाच्या घरी शिजवून आणू. केशरबाई म्हणाली, "तिथून आणेस्तवर गार होईल. डॉक्टरीण बाई कोमट म्हणाल्या." दुसऱ्या दिवशी सकाळी परसात, न्हाणीच्या पलीकडं, तीन दगडांची चूल मांडली. ग्यानबाच्या बायकोनं मासोळी आणून दिली. केशरबाईनं माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, नाकाला पदर बांधला आणि चुलीसमोर बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरानं की कशानं ते मी विचारलं नाही. मीठ नाही, तिखट नाही, नुसत्या पाण्यात शिजवलेली ती मासोळी घेऊन तिनं एकेक काटा वेचला. माझ्या चष्म्यातून मला दिसले नसते इतके बारीक काटे होते, अक्का. मग कितपत गरम आहे ते बोटानं पाहिलं, आपण लेकराला भरवताना बघतो तसं. मला म्हणाली, "गिरणी बंद करा." चैत्र-वैशाखातलं ऐन दळण, बाहेर डब्यांची रांग, पण मी बटण दाबलं. डबेवाल्या बायका ओरडल्या. त्यांना कारण कळलं आणि त्याच मग एकमेकींना गप्प बसवू लागल्या.

शेवंतीला रात्रीच मागच्या खोलीत हलवलं होतं, तिथं तिनं ताटली ठेवली आणि शेवंतीकडं पाठ करून गहू निवडत बसली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. बराच वेळ काहीच नाही. मग लुगड्याच्या घडीतून नाक आलं. मग मिशा. मग आख्खी शेवंती, लटपटत. तिनं आधी रस्सा चाटला, थांबली, केशरबाईच्या पाठीकडं बघितलं, आणि जेवायला लागली. चपचप असा आवाज येत होता. केशरबाईचे हात सुपातच थांबले होते. ती वळली नाही, पण तिचे खांदे हलत होते, हे मला फटीतून दिसलं. नंतर तिनं अंघोळ केली, माळ गळ्यात घातली आणि देवाला मोठ्यानं म्हणाली, "तूच तिला अशी केलीस, मग माझ्यावर काहून रागावशील?"

आता शेवंती दिवसातून चार वेळा जेवते. मिरचीचं यंत्र मी परसाच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत नेलं. मोठ्या डॉक्टरीण बाई पुनम राठोड, आणि छोट्या डॉक्टरीण बाई आमच्या घरातल्या, या दोघींनी मिळून तुझी मांजर वाचवली. माझा हातभार एवढाच की मी बटण दाबलं. या बाईसोबत मी एकतीस वर्षं राहिलो आणि मला वाटत होतं, मी हिला ओळखतो.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. चूकभूल पोटात घालावी, तशी ती मासोळीचीही घालावी.

तुझा,
विश्वंभर

ता. क. – मुख्य गोष्ट राहूनच गेली. केशरबाई तिच्या भाचीच्या लग्नाला महिनाभर माहेरी निघाली आहे. शेवंती माझ्या हातचं खात नाही. तेव्हा मांजरीच्या जिवासाठी तू इकडं येऊन राहावंस. मागची खोली शांत आहे. दोन पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही.

आणखी ता. क. – तुझ्यासाठी पलंगही आणून ठेवला आहे. तो शेवंतीसाठीच आणला होता, पण ती त्यावर झोपत नाही.

अक्का, नमस्कार. मी केशर. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. मी कुठंबी चालले न्हाई. माझी भाची अजून अकरावीत हाय. शेवंती यांच्या हातचं बी खाते, रोज सकाळचं हेच भरवतेत. तुमी गेल्यापासून यांचंच जेवण कमी झालंय. तुमची आठवण येते असं यांना लिहिता येत न्हाई, म्हणून मांजराचं एवढं रामायण लिहिलं. पलंग मात्र तुमच्यासाठीच आणलाय. या.