कपाटाच्या दारावरचा कागद

प्रिय बारके,

तुझ्या योगवर्गाच्या पत्रकाचा नमुना घातलेलं पाकीट मिळून आज नऊ दिवस झाले. तू दोनदा फोनवर विचारलंस, आई, पत्रक वाचलंस का, आणि दोन्ही वेळा मी चष्म्याचं निमित्त सांगितलं. चष्मा नाकावरच होता. पत्रक पहिल्याच दिवशी वाचलं आणि मग रोज वाचलं. छान झालंय. वर बाबांचा फोटो, खाली आपल्या कपाटाच्या दारावरचा तो कागद जसाच्या तसा, तुझ्याच अक्षरातला, आणि शेवटी 'माझे बाबा शेवटच्या दिवसापर्यंत हेच करत होते' हे वाक्य. ते खरं आहे. तुला वाटतं त्याहून जास्त खरं आहे.

इकडचं म्हणशील तर चाललंय. मी शिवणकाम बंद केलंय हे तुला शेजारणीने कळवलंच असेल, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मशीनवर चादर टाकून ठेवलीय. दुपारचे तीन वाजायला आले की आता माझ्याच छातीत धडधड सुरू होते, हातापायांना मुंग्या येतात, घर अंगावर येतं, आणि मी दार उघडं टाकून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसते. तू फोनवर सांगतेस, आई, पोटावर हात ठेव, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मी हो हो म्हणते आणि फोन टेबलावर पालथा ठेवते. तुला वाटतं, आई करतेय. मी करत नाही गं. का करत नाही, ते सांगायलाच आज बसलेय. पण वळसा घालून येईन, सरळ यायचं धाडस नाही.

बाबांची भीती आठवते ना? तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्टच्या टपावर उभा राहून तारांना ग्रीस लावता लावता शीळ घालणारा. एके दिवशी त्याच टपावर त्यांचे हात आखडले, शर्ट घामाने भिजला आणि जीव चाललाय म्हणून ते ओरडले. तेव्हापासून लिफ्टवाला जिन्याने चढायला लागला, नऊ-नऊ मजले. दोन वर्षांत मी त्यांना अकरा वेळा इस्पितळात नेलं. अकराही वेळा कार्डिओग्राम, रक्ताची तपासणी, आणि डॉक्टरांचं एकच उत्तर: काका, तुमचं हृदय घोड्यासारखं आहे, तुम्ही घाबरताय. शेवटी शेवटी तिथली नर्स मला लांबून बघूनच हसायची. मीही हसायचे, पण आतून वैतागलेली असायचे. हे तुला कधी बोलले नाही.

मग तू पंधरा दिवसांची रजा काढून आलीस. मशीन आणि कपाट यांच्यामधल्या जागेत सतरंजी टाकून त्यांना शिकवलंस. शवासनात ते दुसऱ्या मिनिटाला घोरायचे. वज्रासनात गुडघे कुरकुरले की म्हणायचे, यांनाही ग्रीस लावायला हवं. भ्रामरी मात्र त्यांना मनापासून आवडली. लिफ्टच्या पोकळीत उभे राहून ते असं गुंजन करायचे की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, लिफ्टमध्ये मधमाश्यांनी पोळं केलंय! जाताना तू तो कागद लिहून दिलास: घाबरल्यासारखं झालं की आधी दहा श्वास, मग दहा वेळा भ्रामरी, तरी बरं नाही वाटलं तर फोन. मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आणि खरंच गुण आला. आठ महिने आम्ही इस्पितळाची पायरी चढलो नाही. बाबा पुन्हा टपावर चढले, पुन्हा शीळ घालायला लागले. तू शिकवलंस ते खोटं नव्हतं, हे मी कुणालाही सांगेन.

आता तो बुधवार. शाळेच्या गणवेशाचे सतरा स्कर्ट चार वाजता न्यायला येणार होते, चौदा झाले होते, पंधरावा मशीनवर होता. बाबा तीनच्या सुमाराला लवकर घरी आले, माझ्यामागच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, अगं, आज वेगळं वाटतंय. मी म्हटलं, तुमचं दर वेळी वेगळंच असतं, चला, दहा श्वास. मी वळले नाही. मशीन चालवत पाठमोरीच मोजत राहिले. दहा झाल्यावर म्हणाले, दाढ दुखतेय गं, खालची. मी म्हटलं, उद्या दाखवू दाढ, आता भ्रामरी. त्यांनी ऐकलं. सबंध संसारात इतक्या निमूटपणे त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं. सात वेळा गुंजन झालं, आठवं अर्ध्यावर थांबलं. मला वाटलं, बरं झालं, डोळा लागला. मी उरलेले दोन स्कर्ट शिवले, दोरे कापले, घड्या घातल्या, आणि मग चहा टाकू का विचारायला वळले.

तुला मी सांगितलं की झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही, आणि डॉक्टर म्हणाले, काहीच करता आलं नसतं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले, दुखायला लागल्या लागल्या आणायला हवं होतं. कधी दुखायला लागलं, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला काही बोलले नाहीत.

तू आलीस तेव्हा कपाट उघडून त्या कागदापुढे बराच वेळ उभी होतीस. मला विचारलंस, आई, मी खाली आणखी काही लिहिलं होतं का गं? मी म्हटलं, नाही, एवढंच होतं. तू म्हणालीस, एवढंच असेल, आणि कागदाचा फोटो काढून घेतलास. त्या दिवसापासून तू मनातल्या मनात स्वतःला दोष देतेयस, हे मला कळतंय. मी आई आहे तुझी. कळूनही गप्प बसले.

लिहिलं होतंस, बारके. खाली लाल पेनाने एक ओळ होती. ती वाचली की बाबांचा जबडा दुखायला लागायचा, हात जड व्हायचा. शर्ट काढायला कपाट उघडायचे आणि घाम पुसत खाली बसायचे. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, एवढी एक ओळ काप बाई, बाकी कागद झकास आहे. मी शिवणाच्या कात्रीने सरळ कापली. तीस वर्षांचा हात, कड इतकी नीट आली की तुलाही शंका आली नाही. तुकडा टाकवेना, तुझं अक्षर होतं, म्हणून बटणांच्या डब्यात ठेवला. म्हणजे ती ओळ मला पाठ होती. दाढ दुखतेय म्हणाले तेव्हा ती आठवलीसुद्धा. पण मला वाटलं, कागदावरून कापली तरी यांच्या डोक्यातून काही गेली नाही.

म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, ती मिळण्यासारखी नाही हे मला ठाऊक आहे. पण ते पत्रक असंच छापू नकोस. सोबत तो तुकडा पाठवतेय, कागदाखाली जोडून बघ, कडा बरोबर जुळतील: 'छाती, हात किंवा जबडा दुखला तर मोजत बसू नका, लगेच निघा.' मला मात्र यापुढे श्वास मोजायला सांगू नकोस. मी सातपर्यंत जाते, आठवा अर्ध्यावर थांबतो. आणि त्या ओळीखाली जमलं तर आणखी एक घाल, शेजारी बसणाऱ्यासाठी, नाव न घालता: मोजताना हातातलं काम खाली ठेवा आणि त्यांच्याकडे तोंड करून बसा.

तुझीच, तू ठेवशील तशी,
आई