केबल तोडली, तरी तुझे हात थांबले नाहीत

आई, तुझा आजार माझ्यात उतरलाय का, याचं उत्तर परवा मिळालं. तेच सांगायला बसले आहे. पण तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी पाणी पी, मग नीट पहिल्यापासून सांग. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मलकपेठेतलं ते घर, दिवाळीच्या आधीचे दिवस. करंज्यांना शेजारपाजारच्या बायका जमायच्या. एक लाटायची, एक सारण भरायची, एक कातण्यानं कापायची, आणि तू सगळ्यांच्या शेवटी, कढईच्या अलीकडे बसायचीस. प्रत्येक करंजीच्या कडेवरून तुझा अंगठा फिरायचा. कड सुटलेली असली की दुधाचं बोट लावून मिटवायचीस, अगदीच फाटलेली असली तर मोडून पीठ पुन्हा मळायला द्यायचीस. एक जरी फुटकी तेलात गेली तरी सारण बाहेर येऊन जळतं आणि त्याचे काळे कण पुढच्या सगळ्या घाण्यांना चिकटतात. ज्या वर्षी घरात केबल आली, त्याच वर्षी तुझ्या हातून फुटक्या जायला लागल्या. मोठ्या काकू भरल्या घोळक्यात म्हणाल्या, "हिचे हात कढईपाशी अन् डोळे सिरियलपाशी." सगळ्या हसल्या, तूही हसलीस. मग कप पडायला लागले, बसल्या बसल्या खांदा उडायला लागला, कधी नाही ते तू चिडायला लागलीस. बाबांनी केबलवाल्याला बोलावून वायरच काढायला लावली. सगळं शहर नव्या चॅनेलांच्या नादी लागलेलं, आणि आपल्या टीव्हीवर क्रोशाचं कापड. वायर गेली, हात थांबले नाहीत. बेगम बाजारात गूळ घेताना तुझा तोल गेला, तर दुकानदारानं नाक वर करून दारूचा वास येतो का ते पाहिलं आणि मला हळूच म्हणाला, अम्मा को घर ले जाओ. परतताना रिक्षात तू माझं मनगट धरलंस.

"मी करत नाही गं हे. आपोआप होतंय. तू तरी मान."

मी मानलं. पण मानण्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

पुढे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुझे वडील कसे गेले ते विचारलं. आजोबांचेही हात असेच नाचायचे, गावात त्याला बाधा म्हणत. डॉक्टरांनी हंटिंग्टनचा आजार असं नाव सांगितलं, तो बरा करणारं औषध नाही म्हणाले, आणि तुझ्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर घेऊनच मी एवढी वर्षं काढली.

तू गेल्यावर मी चिक्कडपल्लीच्या लायब्ररीत जाऊन बसू लागले. शिक्षण माझं बेताचं, इंग्रजी अडखळत, डिक्शनरी मांडीवर. कळलं ते असं. पेशीत प्रथिन तयार होतं ते लांब धाग्यासारखं, आणि त्याला नीट घडी पडली तरच ते कामाचं. घडी चुकली तर ती सावरायला पेशीत मदतनीस असतात. सावरतच नसेल तर त्या प्रथिनावर खूण होते, ते मोडलं जातं आणि त्याचे तुकडे पुन्हा वापरात येतात. वाचता वाचता मला हसू फुटलं, आई, कारण हे तर कढईपाशी बसून तू करायचीस तेच. तुझ्या एका प्रथिनात एकच तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा येत होता. त्याची घडी बसत नाही, आणि चुकलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. कातडीच्या पेशी झडून नव्या येतात. मेंदूच्या बहुतेक पेशी मात्र जन्मभर त्याच, म्हणून तिथं हा कचरा साठत जातो, आणि वयाबरोबर मदतनीसही थकतात. चाळिशीपर्यंत तू ठणठणीत होतीस ती त्यामुळे. विसरण्याचा आजार, कंपवात, यांच्या मागेही अशाच चुकलेल्या घड्या सांगतात. गोळेच पेशी मारतात की आणखी काही, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. पण सिरियलचा त्यात काही संबंध नव्हता, एवढं नक्की. हे सगळं मी मोठ्या काकूंना त्यांच्या म्हातारपणी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या बिचारीची केबल उगीचच तोडली की." त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं.

उरलेलं निम्मं माझ्या रक्तात होतं की नव्हतं, ते बघायचं मी टाळत आले. पन्नाशी उलटली, हात थरथरला नाही, तरी धास्ती जाईना. आता मुलीला मूल हवंय. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, बोलणं सरळ. म्हणाली, "आई, तुझ्यात नसेल तर माझ्यात येणारच नाही. एकदा बघून टाकू ना." मग दिलं रक्त. परवा निकालाला मी एकटीच गेले, ती येते म्हणत असताना. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नाही. तुमच्यात नाही."

मुलगी फोनवर रडली. संध्याकाळी घरात पेढे आले. येईल त्याला मी सांगते आहे, पोरीची काळजी मिटली, आता मी मोकळी. तेही खोटं नाही. पण हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. बाई "नाही" म्हणाल्या तेव्हा मला पोर आठवलीच नाही. मला माझ्यासाठीच बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की खुर्चीतून उठवेना. पोर आठवली ती जिना उतरून रस्त्यावर आल्यावर.