अर्ध्या यकृतावरची बावीस वर्षे

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय कापड रंगवणे, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला नसता तरी माझ्या मुलीने शपथेवर सांगितले असते, कारण माझ्याशी वादात ती अजून एकदाही जिंकलेली नाही.

१. बावीस वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते याद्वारे रद्द करते. ते करणारी बाई मरायला टेकली होती आणि नंतर मेली नाही, म्हणून थोडा खुलासा करणे भाग आहे.

त्या वर्षी एका सकाळी खिडकीपाशी एका गिऱ्हाइकाच्या पिवळ्या कापडाशी नमुना जुळवत होते. माझा हात कापडाशेजारी आला आणि कापडापेक्षा हातच जास्त पिवळा दिसला. अंगाला खाज तर महिनाभर होतीच. तपासण्या झाल्या. यकृतातून येणाऱ्या दोन पित्तनलिका जिथे एक होतात, नेमक्या त्या सांध्यावर गाठ निघाली. ज्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मला बाहेर बसवून माझ्या यजमानांना सांगितले, "घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला." त्यांच्या खोलीचे दार नीट लागत नव्हते, त्यामुळे निकाल मलाच आधी कळला.

चौथ्या दिवशी धाकटे दीर मृत्युपत्राचा कागद टाइप करूनच घेऊन आले. रंगखाना त्यांच्या नावे, आणि त्या बदल्यात माझ्या मुलीचे शिक्षण ते बघणार. मी एका हाताने खाजवत दुसऱ्या हाताने सही केली. जाताना ते किल्ल्यांचा जुडगाही घेऊन गेले.

२. तो जुडगा अजून त्यांच्याकडेच आहे. तो त्यांनी कायमचा ठेवावा, माझी काही हरकत नाही. इस्पितळातून परतल्याच्या आठवड्यातच मी सगळी कुलपे बदलली.

३. राहते घर, रंगखान्यावरच्या माडीसकट, माझ्या एकुलत्या एक मुलीला. यात उपकार काही नाही. घरात मी आहे ती तिच्यामुळे. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. माझ्या पोटाच्या तपासणीच्या फोटोंची गुंडाळी काखेत मारून तिने तीन इस्पितळांच्या पायऱ्या झिजवल्या. तिसऱ्या ठिकाणी तिला एक बाई भेटल्या. यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, उंचीने जेमतेम तिच्या खांद्याएवढ्या. टेबलापाशी त्या पाटावर उभ्या राहून काम करतात, म्हणून आमच्या घरात त्यांचे नाव पाटावरच्या बाई असेच पडले.

बाईंनी माझ्याशीच बोलायचे ठरवले. यजमानांना आणि मुलीला शेजारी बसवले, पण नजर माझ्यावर ठेवली. "गाठीबरोबर यकृताची उजवी बाजू काढावी लागेल, पित्ताशय आणि नलिकाही. मग आतड्याचा एक तुकडा वर आणून उरलेल्या नलिकेला जोडायचा. शंभरात दहा जण यातून उठत नाहीत. मी खात्री देत नाही."

"आणि नाही केलं तर?" मी विचारले.

"तर शंभरातले शंभर."

मी म्हणाले, "कापड हौदात सोडताना मीही गिऱ्हाइकाला खात्री देत नाही, पण म्हणून हात आखडत नाही. तुम्हीही आखडू नका."

४. माझ्या यजमानांचा जाड काचेचा पेला, जो कपाटात वरच्या फळीवर आहे, तोही मुलीलाच. त्याची गोष्ट तिला अर्धीच ठाऊक आहे. शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे थांबावे लागले. उजव्या बाजूचे रक्त आधीच अडवून ठेवले होते, म्हणजे डावी बाजू एकटीने संसार ओढायला शिकेल आणि वाढेल. तोवर पित्त बरगडीखालच्या नळीतून पिशवीत उतरत असे, आणि अंगी लागावे म्हणून तेच परत प्यायचे, असा बाईंचा हुकूम. मी तोंड फिरवले. यजमान आयुष्यभर अबोल माणूस. त्यांनी पित्त फळांच्या रसात मिसळले, माझ्यासमोर स्वतः घोटभर प्यायले आणि म्हणाले, "तुझ्या बोलण्यापेक्षा कडू नाही." नंतरचे पाच आठवडे मी रोज पेला रिकामा केला. ते सहा वर्षांपूर्वी गेले. माझ्या आधी जातील असे तेव्हा कोणी म्हटले असते तर दोघेही हसलो असतो.

५. रंगखाना, त्यातले पाचही हौद, तांब्याच्या कढया आणि तराजू निळ्याला. हा आमचा कारागीर; कोपरापर्यंत हात कायम निळे, म्हणून हे नाव. मी आडवी असताना पाच महिने त्याने एकट्याने धंदा सांभाळला आणि दीर किल्ल्या वाजवत आले, तेव्हा त्याने त्यांना आत घेतले, बसायला रंगाने ओले स्टूल दिले आणि दिवसभर काम दाखवत ठेवले. ते पुन्हा आले नाहीत. रंगखान्याबाबत मुलीची संमती आहे, तिची वेगळी सही पाठीमागे घेतली आहे.

६. नमुन्यांच्या वहीत एकविसाव्या पानावर पिवळी पट्टी आहे, खाली "मी" असे लिहिले आहे. इस्पितळात जाण्याआधी मी ती माझ्याच हाताच्या रंगाशी जुळवून रंगवली. ती वही इस्पितळाच्या शिकवण्याच्या खोलीला द्यावी. शिकाऊ डॉक्टरांनी ती खिडकीशी नेऊन बघावी. ट्यूबलाइटखाली हा पिवळा दिसत नाही, माणसाचाही दिसत नाही.

शस्त्रक्रिया अकरा तास चालली. आठव्या दिवशी जोड थोडा पाझरला, ताप चढला आणि बाई दिवसातून चारदा येऊन माझ्या नळीकडे बघत, जसे मी हौदाकडे बघते. पंधराव्या दिवशी पाझर आपोआप थांबला. त्याच आठवड्यात, पांढरट मातीसारखे होणारे शौच पुन्हा तपकिरी झाले. मी बेल वाजवून नर्सला, यजमानांना आणि मुलीला बोलावून घेतले. आयुष्यात इतके रंग काढले, पण एवढे कौतुक कुठल्याच रंगाचे झाले नाही.

७. मोठ्या डॉक्टरांना काहीही नाही. त्यांचे माझे मिटले आहे. दर वर्षी शस्त्रक्रियेच्या तारखेला मी त्यांच्या दाराशी जाऊन फक्त "बरी आहे" एवढे सांगून येत असे. पहिल्या वर्षी त्यांनी कागदांतून मान वर केली नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी खुर्ची दिली. सातव्या वर्षी त्यांनी चिठ्ठी देऊन एक रुग्ण माझ्याकडे पाठवला: "यांना बाईंकडे न्या. मला जे जमत नाही ते मी आता जमत नाही असेच सांगतो." त्या दिवशी मी मनातला खटला मागे घेतला.

तेव्हापासून घाबरलेली माणसे बाई माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना पोटावरचा व्रण दाखवते आणि कामाला लावते. आजवर त्रेचाळीस जण येऊन गेले. सगळे वाचले नाहीत. जे वाचले नाहीत त्यांच्याही शेजारी मी बसले.

८. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. मुलांनो, उजवीकडे रिकामे सापडेल, गोंधळू नका. डावीकडचे वाढून मधोमध येऊन बसले असेल. खाली आतड्याचा जोड बघा. ती नलिका आगपेटीतल्या काडीएवढी होती, आणि टाके केसासारखे. जोड किती वर्षे टिकला ते फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. घाई मात्र करू नका, आकडा अजून वाढायचा आहे.

९. वकिलांनी बजावले की साक्षीदार धडधाकट आणि माझ्यामागे टिकणारे हवेत. मी दोघांना बोलावले. वकिलांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकाने सदरा वर करून, दुसरीने पदर बाजूला सारून पोटावरचा व्रण दाखवला. वकिलांनी चष्मा पुसून दोन्ही व्रण पाहिले. मग म्हणाले, "चालतील."

मृत्युपत्र करणारीची सही: रंगारीण

साक्षीदार पहिला: बसचालक. यकृताची डावी बाजू काढली, त्याला तेरा वर्षे झाली. कालची फेरी वेळेवर.

साक्षीदार दुसरी: शिवणकाम शिक्षिका. पित्ताशय आणि पित्तनलिका काढली, चार वर्षे झाली. सही करताना हात हलला नाही.

स्थळ: रंगखान्यावरची माडी, खिडकीपाशी

दिनांक: नऊ मार्च. शस्त्रक्रियेला आज बावीस वर्षे पुरी.