गाण्यातला बाबांचा शॉट

प्रिय बाबा,

पत्र बघून आधी दचकाल, मग चष्मा शोधाल. शोधा सावकाश. दोन महिने झाले, मी फोन केला की तुमचं एकच, “थांब, आईला देतो.” अहो, मला तुमच्याशीच बोलायचं असतं! म्हणून ही उठाठेव.

तुमचा राग रास्त आहे. सकाळी लवकर कामाला लागणाऱ्या माणसांवरचं आमच्या वर्गाचं ते गाणं. त्याचा व्हिडिओ दाखवायचा होता, त्या दिवशी तुम्ही चक्क सलून बंद ठेवून, अकरा गिऱ्हाइकं घेऊन कॉलेजच्या हॉलमध्ये आलात. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना काळाभोर रंग. पडद्यावर झाडूवाली आली, दूधवाला आला, साडेतीन मिनिटं संपली, आणि तुम्ही आलाच नाहीत. तुमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक पोस्टमनकाका, ते मोठ्यानं म्हणाले, “अरे, आमचे हिरो कुठायत?” बाहेर पडताना तुम्ही मला म्हणालात, “छान झालं हो.” परक्या माणसाला म्हणावं तसं. ते फार लागलं मला.

शूटिंगच्या दिवशी किती हसलो होतो आपण! चित्र संथ हवं असलं की गाणं दुप्पट वेगानं लावतात, माणूस त्या वेगात ओठ हलवतो, मग चित्राचा वेग निम्मा केला की ओठ गाण्याशी जुळतात. ते चिरकं गाणं ऐकून पोस्टमनकाका फेसासकट फिस्सकन हसले. तुम्ही दटावलंत, “वस्तरा माझ्या हातात आहे, गप बसा.” तीनदा घ्यावं लागलं. तिसऱ्यांदा तुम्ही दाढी करता करता ओळ अशी काही म्हटलीत की आमचा कॅमेरावाला म्हणाला, काकांनी सगळा भाव खाल्ला.

तेव्हा काम वाईट झालं म्हणून नाही काढलं तुम्हाला. आणि तुमची लाज वाटली म्हणून तर मुळीच नाही. आई म्हणते, तुम्ही तसंच धरून बसलायत. मीही तुम्हाला तसं समजू दिलं.

खरं सांगते. एडिटिंगला बसलो, तुमचा शॉट संथ केला. वस्तरा गालाकडे निघाला आणि तुमचा हात थरथरत होता, बाबा. एरवी झटकन होतं, दिसत नाही. तुम्ही कोपर बरगडीशी घट्ट दाबायचात, करंगळी काकांच्या गालावर टेकवायचात, की थरथर थांबायची. तिन्ही वेळा तेच. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. कॅमेरावाला म्हणाला, कॅमेरा हलला वाटतं. मी हो म्हटलं. कॅमेरा स्टँडवर होता, मागचा आरसा जराही हलला नव्हता. ओठ जुळत नाहीत असं सांगून मी शॉट काढला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

तो हात अकरा गिऱ्हाइकांनी पाहिला असता, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या खुर्चीत कोण बसलं असतं? लेकीला बापाची लाज वाटते, असं गल्लीभर झालं तरी चालेल, पण तुमच्या हाताबद्दल कुणी ब्र काढू नये, असं मला वाटलं. चुकलं माझं. तुम्ही लपवत होतात, त्यात मी सामील झाले.

काल आईनं सांगितलं, पोस्टमनकाकांना कानाखाली कापलं, चांगलं रक्त आलं. तुम्ही पात्याला दोष दिलात, आणि त्या भल्या माणसानं हसण्यावारी नेलं. हल्ली चहासुद्धा अर्धाच कप मागता म्हणे. बाबा, ही माणसं तुमच्या भरवशावर मान मागे टाकतात, डोळे मिटून. दोन बोटं खाली लागलं असतं तर? तुम्ही तरी त्यानंतर जगला असता का? शनिवारी मी येतेय, आपण डॉक्टरकडे जाऊ. औषधानं थांबेल की नाही, मला माहीत नाही. माझ्यावर हवं तेवढं चिडा. पण पाया पडते तुमच्या, मी येईपर्यंत वस्तरा हातात घेऊ नका.

तुमचीच,
धाकटी