नखानं उघडणारा चाकू

मी, मधुसूदन त्र्यंबक पाठक, वय त्र्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो. यकृताचा आजार हाताबाहेर गेला आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या धाकट्या भावाला शंका काढायची सवय आहे.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर व बँकेतील ठेवी माझी सून अश्लेषा हिला मिळाव्यात. पत्नी चारुता आधीच गेली. एकुलता मुलगा केयूर दोन वर्षांपूर्वी कन्नडजवळ नाल्याच्या पुरात गेला. गाडी अश्लेषा चालवत होती आणि ती वाचली. तेव्हापासून आमच्याकडचं कोणी तिच्याशी धड बोलत नाही. ती वैजापूरला माहेरी असते.

२. माझा भाऊ विश्वजित तेराव्याला वेताच्या खुर्चीत बसून, जेवणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "नवऱ्याला पाण्यात ठेवून ही वर आली." ती खुर्ची विश्वजितला द्यावी. दुसरं काही देऊ नये.

३. केयूरला नव्या चाकूंचं भारी वेड. खटका दाबला की पातं बाहेर. ऑनलाइन मागवायचा, मलाही एक आणून दिला होता. मी तो मिरवला आणि वडिलांचा शिंगाच्या मुठीचा चाकू माळ्यावर टाकून दिला. केयूरला बाहेर काढलं तेव्हा त्याचा चाकू त्याच्या मुठीतच होता. खटक्यात रेती गेलेली, पातं निम्मं येऊन अडकलेलं. कपाटातले असले सगळे चाकू भंगारात घालावेत, भावसुद्धा विचारू नये.

४. अश्लेषाचा सीटचा पट्टा कापून तिला ओढून काढलं ते कडुबा सोनवणे यांनी. ते त्या नाल्याकाठी शेळ्या राखतात. त्यांच्या खिशात घडीचा चाकू होता. बाभळीची मूठ, काळं पडलेलं पातं, पात्यावर नख घालायला खाच. नखानं उघडावा लागतो, पण उघडतो. मी तो मागायला गेलो तर त्यांनी हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. म्हणाले, "चाकू हाताहाती देत नसत्यात, साहेब. वाकडं येतं. मी ठेवतो, तुम्ही उचला."

त्यानंतर मी असेच जुने चाकू जमवत गेलो. कन्नडचा बाजार, शहागंजातलं जुनं सामान, माळ्यावरचा वडिलांचाही. पेरू कापला तरी ही पाती काळी पडतात, पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला नाद लागला. लागला. मुलगा गेल्यावर संध्याकाळी माणसानं करायचं तरी काय? हे चाकू रोज वापरेल त्यालाच द्यावेत, काचेच्या कपाटात कोंडू नयेत.

५. कडुबांचा चाकू मात्र अश्लेषासाठी. तोही हातात देऊ नये, बैठकीतल्या टेबलावर ठेवावा. उचलायचा की नाही हे तिनं ठरवावं. नाही उचलला तरी घर तिचंच.

"मलाच का आधी काढलं, बाबा?" असं ती मला येईल तेव्हा विचारते. कडुबांनी मला जे सांगितलं ते मी तिला सांगितलं. तिला वाटलं, मी समजूत काढतोय. कडुबांना तिच्यापुढं बोलायचा धीर होत नाही. म्हणून त्यांना साक्षीदार करून ते खाली लिहवून घेतलं आहे. हे पोरीपर्यंत पोचल्याशिवाय मला सुखानं मरण यायचं नाही. वकील सुलेखाबाई म्हणाल्या, साक्षीदारानं फक्त सही करायची, हकीकत सांगायची नसते. मी म्हटलं, लिहा, माझी खरी इस्टेट तेवढीच आहे. साक्षीदाराला काही देऊ नये असंही त्या म्हणाल्या. कडुबा म्हणाले, बरंच झालं.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुलेखाबाईंनी करावी, आणि ते विश्वजितसमोर मोठ्यानं वाचावं.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) मधुसूदन त्र्यंबक पाठक

साक्षीदार १: सार्थक देशपांडे, शेजारी. (सही)

साक्षीदार २: कडुबा सोनवणे, डाव्या हाताचा अंगठा. त्यांनी सांगितले तसे लिहिले:

"मधुसूदनरावांनी माझ्यासमोर सही केली. मी पाण्यात उतरलो तव्हा केयूरभाऊ शुद्धीवर व्हते, बाई नव्हत्या. भाऊ माझ्या जवळ व्हते म्हणून मी आधी त्यांच्याच पट्ट्याला चाकू लावला. त्यांनी माझा हात धरला आन् पलीकडं सारला. म्हणले, 'आधी तिला.' बाईला काठावर ठिवून मागं फिरलो, तर गाडी जाग्यावर नव्हती. हे खरं हाय. अंगठा करतो."